बिबट्याचे चार दिवस

पुंडलिकनगरात मी तीन वर्षं राहिले, एका काकूंच्या घरातल्या वरच्या खोलीत. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच. मी पीएच.डी. करत होते. मोबाइलवरच्या बातम्यांनी माणसांचा गट कसा वागतो आणि अशा वेळी पुढारी कोण होतो, असा माझा विषय. सगळ्यांची परवानगी घेऊन मी गल्लीच्या ग्रुपमध्ये शिरले होते. सुरुवातीला लोक जपून लिहायचे. पुढं मी तिथं आहे हे ते विसरून गेले. अभ्यासासाठी ते बरंच होतं. पण दिवसभरात माझ्याशी बोलणाऱ्या फक्त काकू. संध्याकाळी त्या जिन्याखालून हाक मारायच्या, "चहा टाकलाय गं," आणि मी वही मिटून खाली जायचे.

एका सकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. कंपाउंडच्या भिंतीवरून बिबट्या उडी मारतो, बस एवढंच. खाली लिहिलेलं, "आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटजवळ. मुलांना बाहेर सोडू नका."

ती भिंत मी ओळखली. भिंतीला टेकलेला निळा ड्रम, मागचं मोडकं फाटक. हाच व्हिडिओ वर्षभरापूर्वी अफवांचे नमुने जमवताना मीच उतरवून घेतला होता. तो दुसऱ्या राज्यातला होता.

मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, "खात्री आहे ना? मग कुणाच्या जिवाला धोका नाही. दोन-चार दिवस नुसतं बघ. असं डोळ्यांसमोर घडताना परत सापडायचं नाही."

मी बघत राहिले.

दुपारी एका स्थानिक वाहिनीनं तोच व्हिडिओ दाखवला. तोवर ग्रुपवर दोघं-तिघं शंका काढत होते, ते गप्प झाले. "बातमीत आलंय," एवढं म्हणणं पुरेसं झालं. आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक काका पुढं आले. एरवी ते दारातल्या खुर्चीत बसलेले असायचे आणि येणारे-जाणारे नमस्कार करून पुढं सरकायचे. त्यांनी पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या, शिट्ट्या वाटल्या, कुणी कोणत्या कोपऱ्यावर थांबायचं ते ठरवलं. कुणीही उलट विचारलं नाही. दोन दिवसांत त्यांची चालसुद्धा बदलली. मी हे सगळं वेळेसह लिहून ठेवत होते.

काकूंनी सकाळचं फिरणं बंद केलं. चहा पिताना त्यांनी विचारलं, "तू एवढी शिकलेली. खरंच असंल का गं तो?"

मी कपाकडे बघत म्हणाले, "काय सांगता येतंय, काकू."

चौथ्या दिवशी पहाटे काकू घराच्या फाटकाशी दुधाची पिशवी घ्यायला गेल्या. कोपऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "आला, आला." एक कुत्रं कचऱ्याच्या ढिगातून उधळलं होतं. काकू घाईनं मागं वळल्या आणि ओल्या फरशीवर पडल्या. मनगट मोडलं.

रिक्षानं मी त्यांना दवाखान्यात नेलं. प्लास्टरसाठी बाकावर थांबलो असताना मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं?"

"व्हय."

त्यांनी मोडलेला हात मांडीवर नीट ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "ग्रुपला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मला तरी सांगायचंस."

सरांचं वाक्य तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर मी ग्रुपवर मूळ व्हिडिओ ठिकाण-तारखेसह टाकला. एकानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?" मी "हो" लिहिलं. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलेलं दिसलं. आधी ज्यांनी व्हिडिओ टाकला होता ते मात्र आतच राहिले.

दुसऱ्या दिवशी पोस्टातले काका दारात दिसले, खुर्चीत. मी माफी मागायला थांबले. ते म्हणाले, "तुमचं बरोबर असंल. पण रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. लई दिवसांनी घरातले सुद्धा माझं ऐकत होते." मग त्यांनी पेपर उघडला. माझ्या वहीत त्यांच्याबद्दल आठ पानं होती, पण हे त्यात कुठंच नव्हतं.

काकूंनी मला खोली सोड म्हटलं नाही. मी त्यांची भाजी चिरून द्यायचे, वेणी घालून द्यायचे. त्या "राहू दे, झालं" म्हणायच्या. जिन्याखालून हाक मात्र आली नाही. मीच खाली गेले तर चहा मिळायचा, पाहुण्याला देतात तसा.

प्रबंधात मी ते चार दिवस लिहिले. मला आधी माहीत होतं आणि मी गप्प राहिले, हेही लिहिलं. सर म्हणाले, "हा परिच्छेद काढ, पद्धतीवर प्रश्न येतील." मी काढला नाही. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आलाच. मी उत्तर दिलं आणि पदवी मिळाली.

आता मी त्याच शहरात, क्रांती चौकाजवळ राहते आणि मुलांना संशोधनाच्या पद्धती शिकवते. दर रविवारी काकूंना फोन लावते. त्या उचलतात. हात थंडीत दुखतो का विचारलं की "दुखतो थोडा" म्हणतात. चहा झाला का विचारलं की "झाला" म्हणतात. मग त्या म्हणतात, "बरं, ठेवू?"