पेनल्टी बॉक्सचं दार

२००६ साली अमेरिकेत शॉमबर्गला मुलींच्या ज्युनियर आइस हॉकीची चॅम्पियनशिप होती आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीची टीम फायनलला पोचली होती. मी पुण्याचा, बर्फावर कधी उभासुद्धा राहिलो नव्हतो. तरी पालकांना कामं वाटली, तेव्हा माझ्याकडे पेनल्टी बॉक्सचं दार आलं. चूक करणाऱ्या खेळाडूला तिथे दोन मिनिटं बसवतात आणि वेळ संपली की बाहेर सोडतात.

सामना बरोबरीत होता. शेवटची पाच मिनिटं उरली असताना पंचांनी माझ्याच मुलीला आत पाठवलं. ती रागाने माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाबा, आय डिडन्ट ट्रिप हर."

"मी पाहिलंय. पाडलंस तू तिला."

"ओके, थोडंसं. बट दार लवकर उघड ना."

"वेळ झाल्यावरच उघडणार."

तिला हसू फुटलं. दोन मिनिटं संपताच मी दार उघडलं आणि नेमकी खेळाची चकती तिच्या पुढ्यात आली. ती घेऊन ती सुसाट सुटली आणि तिने गोल केला. मी दोन्ही हातांनी काच बडवत होतो. पंच जवळ येऊन हसत म्हणाले, इथे बसणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नसते. मी मान डोलावली आणि पुन्हा काच बडवली.

आम्ही जिंकलो.