लसणाचा धडा

लसूण सोलताना बोटांना वास लागला की मला मंगरूळपीरच्या चर्चचा ओटा आठवतो. तिथं मी संध्याकाळी ख्रिस्ती जगणं शिकवायचो. त्या दिवशी वर्ग शेजारच्या सलीमभाईंच्या घरच्या लग्नाचा लसूण सोलत होता.

कडक इस्त्रीच्या कोटातले चर्चचे पंच आले. “देवाच्या ओट्यावर लसूण सोलून राह्यले? वर्ग बंद!”

सगळे उठले. वर्गातल्या राहेलमावशी सोलतच राहिल्या. “साहेब, ‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ आमी परवा पाठ करतो. पोरीचं लग्न उद्या हाय न!”

पंचांनी दिवा घालवला. आम्ही सतरंजी उचलून सलीमभाईंच्या अंगणात बसलो. तेव्हा अपमान वाटला होता. आज वाटतं, वर्ग योग्य जागी पोचला. पुढं तो तिथंच भरला. ओटा मागायला मी कधी गेलो नाही.