मिरची लावलेला मचवा

इद्रिसनं बेगमला सोडायचं नाही असं ठरवलं, तोवर त्या मांजरीनं त्याचे तीन मचवे बुडवले होते. तेही घरातल्या फळीवर.

एरवी इद्रिस मुंगीलासुद्धा वाट देणारा माणूस. खालापूरच्या बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी दुकान बंद करून घरी आला, की पडवीत बसून वीतभर लांबीचे मचवे कोरायचा. सागाच्या ढलप्या, मोडक्या स्पोकची डोलकाठी, जुन्या लुंगीचं शीड. आधी ती नुसती हौस होती. मग चौसष्ट साली त्याचे वडील, जलाल तांडेल, श्रीवर्धनकडचा आपला मचवा विकून लेकाकडे राहायला आले. दोन्ही डोळे गेलेले. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांचा मचवा पुन्हा त्यांच्या हातात द्यायचा आणि तो त्यांनी ओळखायचा, एवढंच इद्रिसला हवं होतं.

आता आंधळा माणूस ओळखणार वासानं. म्हणून खऱ्या मचव्याला चोपडतात तेच मुशीच्या माशाचं तेल त्यानं मुद्दाम मागवलं. तेलाचा हात फिरला रे फिरला, की बेगम हजर! शीड फाडायची, दोऱ्या तोडायची, लाकूड चाटून पांढरं करायची.

"मुक्या जिवावर कसला राग काढताय?" नफिसा नवऱ्याला म्हणाली. बेगम तिची लाडकी. "तुमी माशाचा वास लावायचा, नि तिनं रोजा धरायचा व्हय?"

"तू तिचीच वकील. बघच आता."

चौथा मचवा त्यानं पंधरा दिवस खपून केला. मांजरीच्या धास्तीनं तेलाचे दोनच थेंब लावले आणि पेटीत कुलपात ठेवला. मग खोक्याच्या फळीचा आणखी एक, वेडावाकडा, तासाभरात ठोकला. त्याला तेलानं न्हाऊ घातलं. त्या तेलात लवंगी मिरचीची पूड चांगली दोन चमचे कालवली. मचवा पडवीतल्या पाटावर ठेवून इद्रिस दाराआड दबा धरून बसला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नसेल.

बेगम आली. मचव्यापासून दोन हात अंतरावर बसली आणि पंजे चाटू लागली.

"ये गं, ये बये," तो पुटपुटला. "एकदाच चाट. जन्मभर लाकडाचं नाव काढणार नाय."

तेवढ्यात आतून भिंत चाचपत अब्बा बाहेर आले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आपण होऊन उठलेले. इद्रिस दाराआडून धडपडत उठला, पण तोवर उशीर झाला. वास घेत घेत म्हातारा पाटापर्यंत पोचला, मचवा उचलला, नाकाशी धरला आणि छातीभर श्वास घेतला.

एकामागून एक आठ शिंका. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. नफिसा तांब्या घेऊन धावली.

"अब्बा, टाका तो! मिरची हाय त्याला!" इद्रिस ओरडला.

"असू दे रं," शिंकता शिंकता ते म्हणाले. "माजाच हाय. बूड असंच वाकडं होतं त्याचं."

इद्रिसनं घाईघाईनं पेटीतला मचवा आणून त्यांच्या हातात दिला. अब्बांनी तो चाचपला, हुंगला आणि परत केला.

"ह्यो कुना शेटचा रं? वासच नाय त्याला."

त्या दिवसापासून वाकडा मचवा अब्बांच्या अंथरुणावर राहिला आणि अब्बा बोलते झाले. इद्रिसनं साबणानं मिरची धुऊन काढली, नवं तेल चोपडलं. बेगम दुपारभर त्याला खेटून पडायची आणि सावकाश चाटायची. दर शुक्रवारी इद्रिसला पुन्हा तेल लावावं लागायचं. लावताना तो तिच्याकडे टक लावून बघायचा.

"अब्बांचा हात हाय पाठीवर, म्हणून वाचलीस," तो हळूच म्हणायचा.

उरलेल्या लवंगीची पुडी मात्र त्यानं नफिसाला स्वयंपाकात वापरू दिली नाही. फळीवर, अगदी वर, जपून ठेवली.