उकंड्याचे उंदरं

मी चौथी पास. ढाणकीकडच्या पाच गावाईत त्या जमान्यात माह्यावानी खनखनीत वाचनारा दुसरा नव्हता, अन् मातलेल्या बैलाचं शिंग धरून त्याले खाली बसवनारा तं नव्हताच. बाप जातीचा पंच. बाप गेल्यावर लहान्या भावाले, उकंड्याले, म्याच वाढवलं. त्याची गोष्ट मीच सांगतो. दुसरं कोनी सांगनार नाही.

उकंडा कामाले वाघ, पन डोकं सारं उंदराईत. बासष्ट साली उंदरं असे मातले का ज्वारीचे कनसं उभ्या ताटावरच कुरतडले. मंग ज्याच्या त्याच्या वावरातून उकंड्याले बोलावनं. कुदळ घेऊन तो बिळं खोदे. एक दिवस धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, हाक मारली, "दादा, हे पाह्य!"

हातात उंदीर. मानेवर सुपारीएवढी गाठ, गाठीले भोक. भोकातून पांढरा किडा तोंड काढे अन् परत आत जाये.

"फेक ते," म्या म्हनलं. "पापी जीव होय. किडे पडले त्याले."

"उंदरानं काय पाप केलं, दादा? ज्वारी चोरली? मंग तं सारेच पापी."

त्यानं तो उंदीर गाडग्यात ठेवला, वर फडकं बांधलं, दाने टाकत राह्यला. आठ दिवसानं किडा आपोआप बाहेर पडला, मातीत घुसला, तुरीच्या दान्यावानी टनक झाला. पंधरा-वीस दिवसानं त्यातून माशी निंघाली. उंदराचं भोक भरून आलं. उकंडा पयत आला, "माशीचे लेकरं होत ते, दादा! पाप नाही का पुन्य नाही."

म्या चावडीवर सांगतलं, "माहा भाऊ माशीचं बाळंतपन करते!" लोकं पोट धरून हासले. तोबी हासला.

आमच्या जातीत मानसाच्या जखमेत किडे पडले का तो जातीबाहेर. त्याले कोनी पानी देत नाही, मेला तं खांदा देत नाही. पंचाईच्या पाया पडा, जातीले जेवन घाला, तवा आत. बळीराम नावाच्या मानसाले माह्या बापानंच यापायी दीड वर्ष बाहेर ठेवलं होतं. त्याच्या पोरीची सोयरीक मोडली. बापानं तोंडातून शब्द काढला का बदल नाही.

अन् त्याच साली बीळ खोदता खोदता उकंड्याची कुदळ त्याच्याच नडगीवर बसली. आठव्या दिवशी त्यानं माह्यासमोर चिंधी सोडली. आत वळवळ.

"माह्यातबी माशी बसली, दादा," तो म्हने. जरासा भेला नाही. "उमरखेडच्या दवाखान्यात चाल. चिमट्यानं काढतीन, दवाई लावतीन."

मले बळीराम आठोला. पंचाचं घर आमचं. मी पागोटं कोनाच्या पायावर ठेवू?

"उंदराले आपोआप बरं झालं ना?" म्या म्हनलं. "तूबी होशीन."

"उंदरात एक होता, दादा. माह्यात मोप हायेत. अन् पाय काळा पडून राह्यला."

म्या त्याले वावरातल्या गवताच्या खोपडीत ठेवला. गावात सांगतलं, केळापूरले सोयऱ्याकडं गेला. त्याची बायको तुळसाबाई पदराखाली भाकर नेऊन दे. तिसऱ्या दिवशी त्याले ताप भरला, दात वाजून राह्यले. बैलबंडी जुपाव तं रस्ता गावातूनच, विठ्ठलराव पंचाच्या दारावरून. अन् दुसऱ्या दिवशी बाजार, सारं गाव रस्त्यावर.

"बाजार उरकू दे," म्या म्हनलं. "परवा नेतो."

"परवा?" तो म्हने. 

बाजाराच्या दिवशी दुपारी उकंडा गेला. रस्त्यावरून बंड्या जाऊन राह्यल्या होत्या, घुंगरं खोपडीत आयकू येत होते. तुळसाबाईनं हंबरडा फोडला अन् बंड्या थांबल्या.

लोकं धुऱ्यापाशी उभे. जवळ कोनी येईना. विठ्ठलरावानं दुरूनच पाय पाह्यला.

"खांदा कसा देऊ, बाबू?" तो म्हने. "कायदा तुह्याच बापाचा होय."

मी एकटा उचलून नेऊ शकत होतो. एवढी ताकद होती अंगात. पन चार खांद्याबिगर माहा भाऊ जाईन? म्या पागोटं काढलं, विठ्ठलरावाच्या पायावर ठेवलं. जेवन कबूल केलं. तवा चौघं पुढं आले.

तुळसाबाई माह्यासमोर कधी तोंड उघडत नव्हती. त्या दिवशी पदराआडून बोलली, "हे पागोटं तीन दिवसाआधी काढाचं होतं."

तेराव्यानंतर जातीची पंगत बसली. विठ्ठलराव म्हने, वरन मस्त झालं. तुळसाबाई चुलीपासून उठली नाही. मीच वाढत राह्यलो.