बंद करू का?

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी निवांत होते, आणि तेच मला अजून सहन होत नाही. गेली तीस वर्षं श्रीरामपूरहून आलेला प्रत्येक फोन मी भीतभीतच उचलला. 'कोथिंबिरीच्या वड्या पाठवल्यात, मिळाल्या का' एवढंच विचारायला तिनं फोन केला, तरी तिचं पहिलं वाक्य संपेपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा. त्या रविवारी संध्याकाळी मात्र मी नगरच्या घरात शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते, शेजारी रेडिओ चालू होता, आणि सिद्धूचं नाव बघून मी अगदी हसत "बोल रे" म्हटलं. सिद्धू म्हणजे ताईचा मुलगा. तो म्हणाला, "मावशी, आई दुपारची झोपली ती उठलीच नाही..." त्याला आता पाच आठवडे झाले. इतकी वर्षं पहारा दिला आणि नेमकी त्या दिवशी माझीच डुलकी लागली, असं वाटत राहतं. मी मुळात घाबरट आहे, घरचे त्यावरून माझी चेष्टा करतात. पण हा घाबरटपणा मला कुठून लागला ते मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तो एका व्हिडिओ गेममधून लागला.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहाव्या वर्षी तिला सांधे सुजवणारा ताप आला. सांधे बरे झाले, पण ताप जाता जाता हृदयाची एक झडप बिघडवून गेला. नववीनंतर तिची शाळा सुटली. पळायचं नाही, जिना चढायचा नाही, हंडा उचलायचा नाही... आप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पोरगी दिवसभर खाटेवर पडून पत्र्याकडे बघत राहते हे त्यांना बघवेना, म्हणून एका पगाराच्या दिवशी ते नगरच्या कापड बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यात खेळ एकच होता. एक भालेवाला शिपाई, आठ टप्पे, तीन चान्स. तिन्ही संपले की सगळं पहिल्यापासून. कुठवर पोचलो ते जपून ठेवायची, आजच्या भाषेत सेव्ह करायची, सोयच त्यात नव्हती. ताईनं त्या टप्प्यांना आपली नावं दिली होती. पहिला टप्पा म्हणजे आमच्या घरापासून स्टेशन. सहाव्यात नदी होती, तिच्यावर तरंगत्या फळ्या होत्या. त्याला ती पुणतांबा म्हणायची, कारण तिनं पाहिलेली मोठी नदी म्हणजे पुणतांब्याची गोदावरी. अंगणापर्यंत जाताना जिला धाप लागायची, ती खाटेवर बसून त्या शिपायाला पुणतांब्यापर्यंत पळवत न्यायची. गल्लीतली पोरं चौथ्या टप्प्यातच गारद व्हायची आणि तिला युक्ती विचारायला यायची. ती ऐटीत सांगायची, "आधी नीट बघायचं, मंग उडी."

अडचण एवढीच होती, की नदीपर्यंत पोचायला तास-सव्वा तास लागायचा आणि ताई अर्ध्या तासात दमायची. त्यावर तिनंच उपाय काढला. खेळ मधेच थांबवायचं एक बटण होतं. ते दाबायचं, टीव्ही बंद करायचा, गेमचं डबडं मात्र चालू ठेवायचं, त्यावर आईनं विणलेला जाळीचा रुमाल टाकायचा आणि आडवं व्हायचं. जाळीतून डबड्याचा बारीक लाल दिवा दिसत राहायचा. तो पेटलेला असेपर्यंत शिपाई आहे तिथं उभा. एकदा आप्पांनी घराबाहेर पडताना सवयीनं बोर्डावरची सगळी बटणं बंद केली आणि पाचव्या टप्प्यातला शिपाई गेला. ताई रडली नाही, पण दोन दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून आमच्या घरात कायदाच झाला. बोर्डाला हात लावायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, "बंद करू का?" दिवा असो, पंखा असो, विचारायचं आणि ताईचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. पाहुण्यांना याचं हसू यायचं, आम्हाला मात्र त्यात काही वेगळं वाटेनासं झालं.

मग ऑपरेशन ठरलं. पुण्याला जाऊन झडप बदलायची होती. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आई भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. निघायच्या आदल्या दिवशी ताई कधी नव्हे ती पुणतांब्याच्या काठावर दोन चान्स शिल्लक ठेवून पोचली होती. तिथं तिनं खेळ थांबवला आणि रुमाल टाकला. सकाळी टेम्पो दारात आला तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "बेबे, मी येईस्तोवर हे असंच राहू दे. दोन चान्स हायेत माझे. बंद पडलं तर..." पुढचं वाक्य माझं मीच तयार केलं, बारा वर्षांच्या अकलेनं. बंद पडलं तर ताई परत येणार नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणाला न सांगितल्यामुळं ते जास्तच खरं वाटायला लागलं.

लाईट तर रोज जायची. मी रडवेली होऊन आमच्या गल्लीतल्या याकोबकाकांकडे गेले. ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांनी कारण विचारलं नाही. सहा मोठे सेल एका लाकडी पट्टीत बसवले, वायर डबड्याला जोडली आणि म्हणाले, "हे बघ पोरी, लाईट गेली की ते आपसूक सेलवर चालंल, लाईट आली की परत लाईटवर. पण दोन-अडीच तासच हां, त्याच्या वर न्हाई." पैसे घेतले नाहीत, "आमीबी प्रार्थना करतोय शालनसाठी" एवढंच म्हणाले. मी शाळेत जाताना दिवा बघायचे, मधल्या सुट्टीत पळत येऊन बघायचे. लाईट गेली की घड्याळ बघत बसायचे. आठ दिवस तो दिवा विझला नाही.

माझ्या सोबतीला तिसगावहून आत्या आली होती. घरातला कायदा मी तिला पहिल्याच दिवशी नीट समजावला होता. तिला तो पटलाही. "बरं हाय, इचारून करावं मान्सानं," ती म्हणाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शाळेत परीक्षा होती, मधल्या सुट्टीत घरी येता आलं नाही. संध्याकाळी आले तर जाळीखाली अंधार. प्लगचं बटण बंद होतं. मी किंचाळले तशी आत्या हात पुसत बाहेर आली. "अगं, ते वायरीचं डबडं लई तापलं हुतं. आग लागंल म्हनून बंद केलं."

"विचारलं का नाहीस?"

"इचारलं की! चांगलं दोनदा इचारलं. बंद करू का, बंद करू का. कुनी न्हाई म्हनलं न्हाई."

घरात कुणी नव्हतंच. आत्याला वाटलं होतं, आमच्याकडे उंबऱ्याला पाय लागला की नमस्कार करतात तसं हे म्हणायचं असतं. तिनं सकाळी अकराला बटण बंद केलं, याकोबकाकांचे सेल इमानानं एक-दीड वाजेपर्यंत चालले असतील, आणि मग शिपाई गेला. मी आत्याला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. ताईचं काय होणार हे मी रडत रडत ओरडून सांगितलं, तेव्हा ती बिचारी भिंतीला टेकून खालीच बसली.

एकच मार्ग होता. ताईला टेबलावर घेण्याआधी शिपायाला परत नदीच्या काठावर नेऊन उभा करायचा. मी तिसऱ्या टप्प्याच्या पुढं कधी गेले नव्हते. त्या संध्याकाळी तर दुसऱ्यातच तिन्ही चान्स संपले. सकाळी आत्यानं मला शाळेत पाठवलं नाही. चहा हातात दिला आणि स्वतः शेजारी बसली, पदराचं टोक तोंडात धरून. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी "दम खा, दम खा... आता मार उडी!" असं ती सांगत होती, आणि खोटं कशाला बोलू, तिचा अंदाज बरेचदा बरोबर निघायचा. नऊ वाजले. ताईला आत नेलं असणार. मी चौथ्यात मेले. पुन्हा पहिल्यापासून. दहा, अकरा. पाचव्यात मेले. पुन्हा पहिल्यापासून. हल्ली लोक कौतुकानं सांगतात, जुने खेळ कसे अवघड होते, चुकलं की पहिल्यापासून, त्यातच खरी मजा होती. होत असेल त्यांना मजा. माझ्या अंगठ्याला फोड आले होते, आणि शिपाई प्रत्येक वेळी पडला की मला पुण्यातलं ते टेबल दिसत होतं.

दोन वाजून गेले असतील. मी आयुष्यात पहिल्यांदा नदीच्या काठावर पोचले होते. चान्स एकच उरला होता. समोर फळ्या तरंगत होत्या आणि बाहेरून किराणावाल्या शेठच्या पोरीची हाक आली, "बेबे, पुण्याचा फोन!" फोन शेठच्या दुकानात यायचा, गल्लीत सगळ्यांचा नंबर तोच. मी थांबवायचं बटण दाबलं, रुमाल टाकला, आत्याला म्हटलं, "हात लावू नको," आणि अनवाणी पळाले. आप्पांचा आवाज ओळखू येत नव्हता. "झालं गं. नीट झालं म्हनत्यात. शुद्धीवर यायचीय अजून." मी रिसीव्हर तसाच धरून रडत होते. शेठनं तो माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला. घरी आले तर आत्या दोन्ही हात पाठीमागं बांधून त्या दिव्यासमोर बसली होती.

पंधराव्या दिवशी ताई आली. छातीवर मधोमध टाके, अंगात आईचा स्वेटर. खाटेवर बसल्या बसल्या तिनं रुमाल काढायला लावला. टीव्ही लागला. नदी, फळ्या, काठावर शिपाई. तिनं कोपऱ्यातला चान्सचा आकडा बघितला. मग म्हणाली, "बेबे, एक चान्स कुठं गेला?"

"मला काय माहीत," मी म्हणाले.

ती हसली, "असू दे." मग खेळली, दुसऱ्याच फळीवरून पाण्यात पडली आणि म्हणाली, "चला, पहिल्यापासून." झालं, एवढंच. पण त्या दिवसापासून मला वाटत आलं, की ताईचा जो एक चान्स मी घालवला, तो कधीतरी तिला कमी पडणार. तिचं लग्न झालं तेव्हा वाटलं. सिद्धूच्या वेळी डॉक्टर नको म्हणत असताना तिनं हट्ट धरला, तेव्हा तर नऊ महिने मी रोज मनात तो पडदा बघत होते. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला जन्मभर होती, ती घेतलीस का हे मी रोज विचारायचे. नवी झडप धातूची होती. खोलीत शांतता असली की तिची टिकटिक ऐकू यायची, मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखी. मी तिच्याकडे राहायला गेले, ती झोपली, की मी हळूच पंखा बंद करायचे आणि ऐकत बसायचे. ती डोळे न उघडता म्हणायची, "विचारलंस का?"

आमची शेवटची भेट ती जायच्या तीन आठवडे आधीची. सिद्धूनं मोठ्या टीव्हीवर एक नवा खेळ लावला होता, मुद्दाम जुन्यासारखा दिसणारा, तेच चौकोनी ठिपके, तसंच टुणटुण संगीत. पण त्यात पाहिजे तिथं सेव्ह करता यायचं. मला वाटलं, ताई नाक मुरडेल. ती मात्र चार पावलं टाकायची आणि सेव्ह करायची, पुन्हा चार पावलं आणि पुन्हा सेव्ह. सिद्धू वैतागला. "आई, अशानं मजा काय राहिली?" ताई म्हणाली, "तुला मजा सुचते. आमच्या वेळी हे असतं तर तुझी मावशी एवढी घाबरट झाली नसती." मी चरकले. सिद्धू बाहेर गेल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं, आत्या, सेल, फोड, तो एक चान्स. ती म्हणाली, "मला माहीत होतं की गं. आत्यानं मी आले त्याच दिवशी रडून सांगितलं. तू सांगतीस का बघायला मी विचारलं. तू नाही सांगितलंस, मग मी थांबले."

"तीस वर्षं?"

"हां मग! मला कुठं घाई होती?" ती हसली, मग माझा अंगठा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "पण तू खरंच पुणतांब्यापर्यंत पोचली होतीस? आत्या सांगायची, मला पटायचं नाही. पुढच्या वेळी दाखव बघू खेळून." दाखवते म्हटलं. त्या दिवशी नगरच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून झोपले, आणि नंतरचे तीन आठवडे मी तिला गोळीबद्दल एकदाही विचारलं नाही. म्हणून तर त्या रविवारी मी निवांत होते... चान्स वगैरे काही नसतं, हे आता मला कळतं. पण कळलं म्हणून रोज संध्याकाळी शेवग्याच्या शेंगा आठवायच्या राहत नाहीत.

ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, पाहुणे पांगले. सिद्धू सतरंज्या परत करायला गेला होता. मी ताईच्या खोलीत गेले. खाटेवरची चादर नीट केलेली होती आणि वर पंखा फिरत होता, कुणीतरी सकाळी लावून विसरलं असेल. मी बोर्डाशी गेले, बटणावर बोट ठेवलं आणि सवयीनं मोठ्यानं विचारलं, "बंद करू का?"

कुणी काही म्हटलं नाही. आत्यानं अशाच गप्प घरात बटण बंद केलं होतं. मी ते दाबलं असतं, तर पंखा हळूहळू थांबला असता, खोली शांत झाली असती, आणि त्या शांततेत मला काय ऐकू येणार नव्हतं ते मला माहीत होतं. मी बोट काढून घेतलं. पंखा चालू ठेवून बाहेर आले आणि दार नुसतं लोटून घेतलं.