भोंग्यातल्या चाची

आमच्या साखरखेर्ड्यात उतार कुठं कुठं आहेत, हे मला फकीर मोहम्मद मणियारांमुळं कळलं. त्याआधी सगळं आयुष्य इथंच काढून मी समजत होतो, गाव आपलं सपाट आहे.

फकीरचाचा माझे शेजारी. माझ्या पिठाच्या चक्कीला लागूनच त्यांचं घर. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना बांगड्यांच्या पेट्या, हँडलला भोंगा, आणि भोंग्यात त्यांच्या बायकोचा, सरवरीचाचींचा, भरून ठेवलेला आवाज: "चुडा घ्या, बिलवर घ्या, पोरीबाळींच्या बांगड्या घ्या!" चाची स्वतः कधी फेरीवर गेल्या नव्हत्या. आवाज मात्र आसपासची सगळी खेडी फिरला होता. असा गोड, की मलाही एकदा वाटलं, घ्यावा एखादा डझन.

मागच्या वर्षी चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढं किक मारायची नाही. तेव्हापासून सगळा भरवसा सेल्फच्या बटणावर, आणि ऐन लग्नसराईत तेच रुसलं. दाबलं की नुसतं टिक टिक. हेडलाइट मिणमिणायचा, हॉर्नचा घसा बसायचा. मुलगा मोईज जालन्याला नोकरीला, तो आधीच मागं लागलेला, "अब्बा, गाडी विका, आता घरी बसा." त्याला हे कळलं असतं तर गाडी गेलीच होती, आणि गाडीबरोबर चाचांची फेरी. म्हणून हा हट्टी माणूस कुणापाशी चकार शब्द बोलला नाही. गाडी उतारावर लावायची, घरंगळू द्यायची, गिअर टाकून क्लच सोडायचा, की झाली चालू. चहा प्यायचा तोसुद्धा उतारावरच्या टपरीवर.

बिंग फुटलं ते आठवडी बाजारात. पलीकडच्या खेड्यातल्या बायका चाचींना म्हणाल्या, "चाचा आमच्या गावातून सरळ पुढं निघून जातात. आमचं काही चुकलं का?"

चाचींनी घरी येऊन विचारलं, "मोईजचे अब्बा, त्या गावात काऊन थांबत नाही तुमी?"

"तिथं उतार नाही," चाचा म्हणाले. त्यांना खोटं कधी जमलंच नाही.

चाचींनी त्यांना तसंच स्टँडजवळच्या जाकीर मेकॅनिककडं नेलं. मीही गेलो. चक्कीची लाइट गेली होती, आणि खरं सांगायचं तर मला भोचकपणाची हौस आहे.

जाकीरनं बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली, वायरी घट्ट केल्या. तरी टिक टिक. मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडून बटण दाबलं, तर गाडी लगेच चालू. "सेल्फची मोटर चांगली हाये, चाचा. बॅटरीच खचली." चालू गाडीवर मीटर लावून पाहिला, चार्जिंगही ठीक होतं. मग त्याची नजर भोंग्यावर गेली. "हा गाडी बंद करून वाजवता काय?"

"मंग? पेट्रोल जाळत उभा राहू?"

"इंजिन बंद असलं की बॅटरीत काही भरत नाही, नुसती रिकामी होते. चाचीच बॅटरी खाऊन राह्यल्या तुमची!"

आम्ही सगळे हसलो. चाचा हसले नाहीत. जाकीरनं नवी बॅटरी बसवली, भोंग्याची वायर काढली, आणि भोंग्यासाठी देऊळगाव राजाहून वेगळी बॅटरी मागवतो म्हणाला. तोवर तोंडानं ओरडा.

दुसऱ्या दिवशी चाचा ओरडले. त्यांचा आवाज म्हणजे माझ्या चक्कीचा पट्टा सटकावा तसा. संध्याकाळी पेट्या भरलेल्याच परत आल्या. ओट्यावर बसून गुडघा चोळत ते म्हणाले, "मोईजचंच खरं. विकून टाकतो." मला फार वाईट वाटलं. या माणसाला घरी बसलेला पाहणं माझ्यानं झालं नसतं.

चाची भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "उद्या मी येते मागं बसून. त्या उतार नसलेल्या गावात पहिले जाऊ."

गेले. चाचींनी वेशीपाशी एक हाक दिली, तर बायका दारांत आल्या. "अगं, भोंग्यातल्या चाची आल्या!" चाची ओट्यावर बसून एकेकीच्या हातात बांगड्या भरत होत्या, चाचा पेट्यांतून काढून देत होते. निघताना सपाट रस्त्यावर चाचांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. गाडी एका दमात चालू. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच मागं बसलो होतो असं वाटतं.

भोंग्याची बॅटरी आली, पण चाची म्हणाल्या, "राहू द्या." तेव्हापासून भोंगा माझ्या चक्कीत खुंटीला आहे, पीठ खात.

ईदला मोईज आला आणि शिरखुर्मा खाता खाता त्यानं जुनंच काढलं. "अब्बा, आता तरी गाडी विका."

चाचा काही बोलायच्या आत चाची म्हणाल्या, "वीक बेटा, खुशाल वीक. मंग रोज सकाळी जालन्याहून येत जा, अन् मले पाठीवर बसवून खेड्याखेड्यात नेत जा."

मोईजनं आईकडं पाहिलं, मग वाटी पुढं करून आणखी शिरखुर्मा मागितला.