किंवा

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. ठाण्याच्या बाळकुममधल्या आपल्या घरात, ओटीवरच्या फळ्यासमोर थेल्मा मिस एकच शब्द तिसऱ्यांदा अधोरेखित करतात : किंवा.

मिस तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. समोर बसलेली संचिता एकोणतीस वर्षांची, दिवा स्टेशनजवळ राहणारी. जवळच्या बालवाडीत मदतनीस आहे. दहावी झाली तर तिथेच शिक्षिका, नाहीतर मुलांची नाकं पुसणं चालूच. गणितात ती दोनदा नापास झाली आहे आणि उद्या बीजगणिताचा पेपर आहे.

फळ्यावर वर्गसमीकरण होतं : x² − 7x + 10 = 0. संचिताने अवयव बरोबर पाडले. खाली लिहिलं, x = 5.

"आणि दोन कुठे गेले?"

"मिस, पुस्तकात 'x = 5 किंवा x = 2' असं आहे ना. किंवा म्हणजे कुठलंही एक. आमच्याकडे पालकसभेला आई किंवा बाबा या म्हणतात, तर दोघं कुठे येतात?"

"अगं, ही पालकसभा नाही!" मिसनी खडू आपटला. त्याचे दोन तुकडे झाले. "घरात चोर शिरला. पुढच्या दाराने किंवा मागच्या. पोलीस कुठलं दार बघणार?"

"दोन्ही."

"मग लिही दोन्ही!"

संचिताने लिहिलं. मिसनी लगेच शाब्दिक उदाहरण घातलं : बियांकाहून तिची बहीण तीन वर्षांनी मोठी, दोघींच्या वयांचा गुणाकार 180, बियांकाचं वय काढा. समीकरण जमलं, अवयव जमले. संचिताने ठसठशीत उत्तर लिहिलं : बियांकाचं वय 12 किंवा −15.

मिसनी चष्मा काढून डोळे चोळले. "उणे पंधरा वर्षांची मुलगी तुझ्या बालवाडीत कोणी आणली होती का कधी?"

"तुम्हीच म्हणालात, दोन्ही दारं बघायची."

"बघायची! पण हे दार भिंत घालून बंद केलंय, बाई. वय ऋण नसतं, तेवढं लिही आणि उणे पंधरा सोडून दे."

संचिताने वाक्य लिहिलं आणि मान वर केली. "म्हणजे मिस, आधी दोन्ही काढायची. मग कुठलं बंद आहे ते बघायचं."

"तासभर मी दुसरं काय सांगतेय?"

"तुम्ही तासभर ओरडताय."

आत दूध उतू गेल्याचा वास आला. मिस उठल्या नाहीत. त्यांनी पुढचं समीकरण घातलं. संचिताने ते वहीत उतरवून विचारलं, "मिस, यात चोर आहे की वय?"

उद्याचा पेपर अकराला आहे. संचिताने बालवाडीतून रजा घेतली आहे आणि सकाळी आठ वाजता ती पुन्हा या ओटीवर असेल.